आगवाल्याचं नाव

यंदाही पत्रक आलं. दुबईत अल नहदातल्या आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, खाली तीन बदाम. ‘वॉरटाइम वीकएंड’. वाळवंटात वाफेची गाडी, चाळीसच्या दशकातलं संगीत, जुन्या जीपगाड्या, लढाईच्या काळातले कपडे घालून येणाऱ्यांना बक्षीस. फोटोत हिरवं इंजिन आहे, त्यावर झेंड्यांच्या माळा, आणि इंजिनाच्या आत फावडं घेतलेला एक माणूस. मी बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. माणूस नाही तो. कपड्यांच्या दुकानात उभा करतात तसला पुतळा आहे, तोंडाला तपकिरी रंग फासलेला.

त्या जागी याकूबचाचा उभे असायचे.

नवरा म्हणतो, राग शांत झाला की लिही. दोन वर्षं झाली, शांत होत नाही. म्हणून आहे तसंच लिहिते.

मी अल बर्शातल्या एका इव्हेंट कंपनीत को-ऑर्डिनेटर आहे. शहरापासून तासाभरावर वाळवंटात एक रिसॉर्ट आहे, तो आमचा क्लायंट. तिथे हौसेने घातलेला दोनेक किलोमीटरचा अरुंद रूळ आहे, एक छोटं स्टेशन आहे, आणि भारतातून आणलेलं एक वाफेचं इंजिन. हे सगळं उभं केलं कॉलिन नावाच्या इंग्रज माणसाने. त्याला आगगाड्यांचं वेड. त्याच्या देशात म्हणे अशा जुन्या रेल्वे लोकांनी वर्गणी काढून जपल्यात आणि तिथे वर्षातून एकदोनदा लढाईचे दिवस साजरे करतात. सगळे सैनिक होतात, नर्स होतात, भोंगा वाजला की हसत हसत लपतात. तेच त्याने इथे आणलं. हिवाळ्यातला एक शनिवार-रविवार. तिकीट अडीचशे दिरहॅम. म्हणजे जवळजवळ सहा हजार रुपये, रेशनचा कोरडा पाव खाल्ल्याची मजा घ्यायला.

पहिल्या वर्षी मी हातात यादी घेऊन इंजिनापाशी गेले, तेव्हा वरून आवाज आला, “बाय, चपला काढून ये नाहीतर बूट घालून ये. अशी वर चढू नको.”

मराठी ऐकून मी चमकले. वर निळ्या बॉयलर सूटमध्ये एक उंच, वाळका माणूस उभा होता. साठी उलटलेली, दाढी पांढरी, नीट कातरलेली. मी म्हटलं, मला फक्त शिट्टीची वेळ ठरवायची आहे, दर दहा मिनिटांनी एक शिट्टी हवी, लोकांना फोटो काढायचे असतात. ते खाली उतरले, माझ्या हातातली यादी वाचली आणि परत दिली. म्हणाले, शिट्टी म्हणजे हुकूम असतो. गाडी निघते तेव्हा एक, ब्रेक लावायचा तेव्हा एक, रुळावर माणूस असेल तर लांब. फोटोसाठी कुठली शिट्टी असते ती मला दाखव, मी वाजवतो.

मी चिडून कॉलिनकडे गेले. तो हसला आणि म्हणाला, याकूब म्हणेल तसं कर, त्याच्याशिवाय हे इंजिन म्हणजे नुसतं लोखंड आहे. ते खरंच होतं. डोक्यावर ड्रायव्हरची टोपी कॉलिनची, फोटोत पुढे कॉलिन, पण या अख्ख्या देशात ते इंजिन जिवंत ठेवू शकणारा माणूस एकच होता, आणि तो दाभोळच्या खाडीकाठच्या करंजवेलचा होता.

याकूब मोइउद्दीन सारंग म्हणून त्यांचं नाव नव्हतं, ते याकूब इब्राहिम सारंग. मोइउद्दीन हे आजोबांचं नाव. हे इथेच सांगून ठेवते, कारण नावात चूक झालेली त्यांना चालत नसे. गेटवरच्या रजिस्टरमध्ये वॉचमनने ‘जेकब’ लिहिलं तर ते रांग थांबवून दुरुस्त करून घेत. मागच्यांनी यल्ला यल्ला करत घाई केली तरी हलत नसत.

ऐन विशीत ते मिरजेच्या लोको शेडमध्ये खलाशी म्हणून लागले, पुढे फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, झाले. वाफेची इंजिनं बंद झाली तेव्हा साहेबांनी त्यांना दुसऱ्या खात्यात टेबलावर बसवायचं ठरवलं. ते बसले नाहीत. मेव्हण्याने व्हिसा पाठवला आणि ते इकडे आले. तीस वर्षं लॉन्ड्र्यांचे आणि हॉटेलांचे बॉयलर सांभाळले. म्हणायचे, रेल्वे गेली पण वाफ सुटली नाही.

कामावर ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून यायचे. इंजिनामागे जाऊन तो काढायचे, घडी करून पिशवीत ठेवायचे, मग बॉयलर सूट. काम संपलं की हातपाय धुऊन पुन्हा पांढरा शर्ट, केसांतून कंगवा. लेबर बसमध्ये पन्नास थकलेल्या माणसांत हा एकच माणूस लग्नाला निघाल्यासारखा दिसायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाले, काळं व्हायचं ते काम आहे. घरी जाताना काळं राहायचं कशाला?

दुपारी तीनच्या फेरीसाठी ते सकाळी दहाला पेटवणी सुरू करत. आधी बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच बघायची. ती बघितल्याशिवाय काडी ओढायची नाही. “पाणी आधी, मग आग,” असं ते पुटपुटायचे आणि हेच माणसांनाही लावायचे. कुणी रागाने तणतणत आलं, की पहिल्यांदा त्याच्या हातात बाटली द्यायची, पी म्हणायचं, आणि तो पीत असेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मला किती वेळा पाजलंय पाणी असं. निम्मं भांडण त्या बाटलीत विरघळायचं. याचाही मला कधी कधी राग यायचा.

पाहुण्यांशी त्यांचं इंग्रजी चार शब्दांचं. “मॅडम, हॉट. नो टच. फोटो फार.” कडेवर मूल घेऊन कुणी जवळ आलं तर मात्र स्वतः खाली उतरायचे, मुलाचा हात आपल्या हातात धरून पितळेच्या थंड कठड्यावर टेकवायचे आणि मग गरम बाजू लांबून दाखवायचे. मुलं त्यांना घाबरत नसत. घाबरायचे ते इतिहासाचे हौशी. एक जण लष्करी कोट घालून आला आणि या इंजिनाने सैन्य कसं वाहून नेलं हे बायकोला समजावू लागला. तसा बोर्डच लावला होता तिथे. चाचांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “नो आर्मी. शुगर.”

ते इंजिन आपल्याकडच्या साखर कारखान्यातलं होतं. कोल्हापूरकडचं. जन्मभर तिने ऊस ओढला होता. चाचा इंजिनाला ‘ती’ म्हणायचे, म्हणून मलाही तशीच सवय लागली. म्हणायचे, हिने आयुष्यात बंदूक पाहिली नाही, आणि यांनी म्हातारपणी हिला लढाईवर पाठवलं. अवजारांच्या पेटीच्या झाकणामागे कुणीतरी खिळ्याने ‘दत्तू’ असं कोरलेलं होतं. दरवर्षी रंगकाम व्हायचं, तेव्हा चाचा त्या जागेवर कागद चिकटवून ठेवायचे. रंगाऱ्याने एकदा विचारलं, हा दत्तू कोण? चाचा म्हणाले, मला काय माहीत, पण तो इथे होता.

त्यांच्या आजोबांची गोष्ट त्यांनी मला दुसऱ्या वर्षी सांगितली. तालीम संपली होती, आम्ही स्टेशनच्या सावलीत डबे उघडून बसलो होतो. त्यांच्या डब्यात सुक्या बांगड्याचं कालवण होतं. समोर दोन इंग्रज बायका नर्सचे कपडे घालून हसत फोटो काढत होत्या. एकीने कपाळाला बँडेज बांधलं होतं आणि त्यावर लिपस्टिकने लाल डाग काढत होती. चाचांनी हातातली भाकरी डब्यात ठेवली. मग म्हणाले, माझा आजा या लढाईत गेला.

करंजवेलची अर्धी पुरुषमंडळी तेव्हा गोऱ्यांच्या बोटींवर असायची. कुणी डेकवर, कुणी भंडारी, आणि ज्यांच्या अंगात ताकद ते खाली भट्टीवर. कोळसा टाकणाऱ्याला आगवाला म्हणायचे. मोइउद्दीन सारंग आगवाला होता. बोटीच्या पार तळाशी, पाण्याच्या पातळीच्याही खाली, चार तास कोळसा, आठ तास झोप, परत चार तास कोळसा. लढाई सुरू असताना एका फेरीत बोटीला सुरुंग लागला. वरचे काही लोक होडीत चढले. खालून एकही वर आला नाही. तळाशी असतो त्याला जिना चढायलाच वेळ लागतो, असं चाचांनी सांगितलं, आणि भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला.

काही महिन्यांनी घरी कागद आला. इंग्रजीत. गावच्या मास्तरांनी वाचून दाखवला. कागदावर नाव ‘मोदीन’ की काय असं लिहिलं होतं, बापाचं नाव भलतंच होतं आणि गावाचं तर कुणालाच ओळखू आलं नाही. मास्तर म्हणाले, साहेबांच्या लिहिण्यात चूक झाली असेल, माणूस तोच. आजी म्हणाली, हा माझा माणूस नव्हे. हा दुसऱ्या कुणा बाईचा आहे. तिच्यासाठी रडा.

“ती इद्दतीला बसलीच नाही,” चाचा म्हणाले. नवरा गेल्यावर बाईने जे दिवस घरात पाळायचे ते तिने पाळले नाहीत. हिरव्या बांगड्या काढल्या नाहीत. चोविसाव्या वर्षी भाऊ तिचं दुसरं लग्न लावून द्यायला तयार होते, तर म्हणाली, नवरा असताना? खाडीतून लाँच आली की धक्क्यावर जायची आणि उतरणाऱ्या प्रत्येक खलाशाला विचारायची. चाचा लहान असताना तिचं बोट धरून तेही जायचे. तोवर लढाई संपून पंचवीसेक वर्षं झाली होती. मरेपर्यंत ती म्हणत होती, कागदावरचं नाव त्याचं नाही.

“साहेबाने चार अक्षरं नीट लिहिली असती,” चाचा मला म्हणाले, “तर ती रडली असती आणि मोकळी झाली असती. बाय, त्यांच्या एका चुकीवर माझी आजी अख्खं आयुष्य जगली.”

हे मला माहीत होतं. मी डबा मांडीवर घेऊन हे सगळं ऐकलं होतं. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तिसऱ्या वर्षी कॉलिनला काहीतरी मोठं करायचं होतं. भोंगा, विमानांचा आवाज, धूर, आणि त्यातून गाडी स्टेशनात येते. गाडीवर बॉम्ब पडलेला आहे. आग टाकणारा माणूस मरतो, पण ड्रायव्हर गाडी सुखरूप आणतो. ड्रायव्हर अर्थात कॉलिन. मरणारा याकूब. कॉलिन मनाने वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्याला वाटत होतं आपण या लोकांचा सन्मान करतोय. काळ्या माणसांनीही लढाईत काम केलं हे दाखवायला हवं, असं तो मीटिंगमध्ये डोळे ओले करून बोलला. एवढंच की काळ्या माणसाने करायचं काम म्हणजे दोन मिनिटांत मरायचं होतं.

चाचांनी नाही म्हटलं. दोन दिवस कॉलिन मागे लागला. मग चाचा माझ्याकडे आले आणि म्हणाले, मी पडतो. पण माझ्या आजाचं नाव घ्यायचं. मोइउद्दीन याकूब सारंग, करंजवेल, आगवाला. इतकं माइकवर बोलायचं, बस्स.

मी ते कॉलिनला सांगितलं. त्याला कल्पना फारच आवडली. मी वही काढली, चाचांनी माझ्यासमोर नाव आधी मराठीत लिहिलं, मग मी इंग्रजीत लिहिलेलं त्यांनी एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं. निवेदन करणारी मुलगी लेबनॉनची होती. तिने तालमीत ते नाव असं स्वच्छ उच्चारलं की चाचांनी मान खाली घातली. त्या दिवशी ते इंजिन पुसत होते आणि काहीतरी गुणगुणत होते. तीन वर्षांत मी त्यांना गुणगुणताना पहिल्यांदा ऐकलं.

कार्यक्रम शनिवारी. गुरुवारी ऑफिसात क्लायंटच्या मार्केटिंगवाल्यांचा फीडबॅक आला. नाव फार लांब आहे. गावाचं नाव कुणाला समजणार? कार्यक्रम फार जड होतो, लोक मुलांना घेऊन येतात. काहीतरी सोपं, लक्षात राहणारं ठेवा. माझे बॉस रोहित सर दादरचे. खुर्ची फिरवून माझ्याकडे बघत म्हणाले, “शुभांगी, अब्दुल कर ना. कुणाला कळतंय?”

मी म्हटलं, सर, ते त्यांच्या आजोबांचं नाव आहे, आपण कबूल केलंय.

ते म्हणाले, अगं, अब्दुल पण नावच आहे.

आणि मी केलं. माझ्या बोटांनी. पाच अक्षरं इंग्रजीत, अर्धं मिनिटही लागलं नाही. पुढच्या बाबतीत मी कॉलिनवर रागावते, रोहित सरांवर रागावते, त्या टाळ्या वाजवणाऱ्यांवर रागावते, पण ‘अब्दुल’ कीबोर्डवर मी टाइप केलं. शुक्रवारी मी साइटवर होते. चाचा बॉयलर धूत होते. हात वर करून मला म्हणाले, बाय, उद्या पोरीला घेऊन ये. मी म्हटलं, हो. सांगायचं होतं, जवळ जाऊन सांगायला पाच मिनिटं लागली असती. मला खुर्च्या मोजायच्या होत्या.

शनिवारी मी नवरा आणि मुलगी दोघांना घेऊन गेले. पाचशेच्या वर माणसं होती. पोल्का टिपक्यांचे फ्रॉक, सस्पेंडर लावलेल्या पँटी, गळ्यात गॅस मास्कचे खोटे डबे. भोंगा वाजला, लोक हसत टेबलांखाली शिरले, धूर सोडला, आणि गाडी आली. मला मान्य करायला हवं, गाडी सुंदर आली. धुरातून ते हिरवं इंजिन हळूच पुढे सरकलं, आणि चाचांचा हात वाफेच्या झडपेच्या चाकावर होता.

ठरल्याप्रमाणे ते छातीला हात लावून पडले. पायऱ्यांवरून घसरत प्लॅटफॉर्मवर आले आणि आडवे झाले. कॉलिनने गुडघे टेकून त्यांच्या अंगावर झेंडा पसरला. संगीत थांबलं. लेबनॉनच्या मुलीने कागद वर धरला आणि गंभीर आवाजात वाचलं: ज्याने शेवटच्या श्वासापर्यंत आग विझू दिली नाही, त्या आपल्या शूर अब्दुलची आज आठवण करू या.

मी झेंड्याकडे बघत होते. झेंडा हलला नाही. लोक एक मिनिट स्तब्ध उभे राहिले. कुणीतरी नाक ओढलं.

मग चाचा उठून बसले.

त्यांनी झेंडा अंगावरून काढला. टाकला नाही. उभं राहून चौकोनी घडी घातली आणि कॉलिनच्या हातात दिली. मग निवेदिकेकडे जाऊन माइकसाठी हात पुढे केला. तिला काय करावं कळेना, तिने तो दिला. चाचांना माइकची सवय नव्हती, तोंडाला फार जवळ धरला.

“नॉट अब्दुल,” ते म्हणाले. “मोइउद्दीन याकूब सारंग. करंजवेल. आगवाला.”

मग पुन्हा तेच म्हणाले, सावकाश, लिहून घेणाऱ्याला सांगावं तसं.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हे नाटकातच आहे. मेलेला माणूस उठून आपलं नाव सांगतो, वा. शिट्ट्या आल्या. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका बाईने डोळे पुसत नवऱ्याला म्हटलं, किती छान लिहिलंय. चाचा त्या टाळ्यांकडे बघत उभे राहिले. त्यांचा चेहरा मला नीट दिसत होता. मी माणसाला मारलेलं पाहिलंय, रस्त्यावर, तेव्हाही इतका उघडा पडलेला चेहरा पाहिला नव्हता.

माझी मुलगी आठ वर्षांची होती. तिने माझा कुर्ता ओढून विचारलं, “Mamma, so is he Abdul or not?”

मी तिला म्हटलं, नाही. ती म्हणाली, “Then why did she say it?”

चाचांनी माइक परत केला आणि इंजिनावर चढले. अजून चार फेऱ्या व्हायच्या होत्या, तिकिटं विकली गेली होती. प्लॅटफॉर्मच्या टोकाला राखेचा खड्डा होता. इंजिन त्यांनी तिथवर नेलं. आधी बॉयलरमध्ये काचेच्या वरच्या खुणेपर्यंत पाणी भरलं. मग राखेचं दार उघडलं, लांब सळई घेतली आणि आग खाली पाडायला सुरुवात केली. घाई नाही, आदळआपट नाही. लाल निखारे थराथराने खड्ड्यात पडत होते, त्यांवर ते पाणी मारत होते. इंजिनातून वाफेचा आवाज हळूहळू कमी झाला. लोक फोटो काढत होते.

कॉलिन धावत आला. घामाने त्याची ड्रायव्हरची टोपी भिजली होती. हे काय चाललंय, हा प्रश्न त्याने तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारला. चाचा म्हणाले, “सर, वॉटर फुल. फायर डाउन. इंजिन सेफ. यू चेक.” त्याने खरंच काच बघितली. पाणी बरोबर होतं. कॉलिनला शेवटपर्यंत कळलं नाही की काय बिघडलं. तो मला म्हणाला, मी तर त्याच्यावर झेंडा घातला होता.

मी चाचांच्या मागे इंजिनाच्या पलीकडे गेले. त्यांनी पांढरा शर्ट घातला होता, बटणं लावत होते. मी म्हटलं, चाचा, ते मी बदललं. वरून सांगितलं होतं, पण टाइप मी केलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाण्याची बाटली पुढे केली नाही. कंगवा काढून केस विंचरले आणि लेबर बसच्या थांब्याकडे चालायला लागले. बस पाच वाजता यायची होती, तेव्हा साडेतीन वाजले होते. त्या उघड्या वाळूत ते दीड तास ताठ उभे राहिले. कुणी बोलवायला गेलं नाही. मीही नाही.

सोमवारी मला रिपोर्ट लिहायला सांगितलं. मी जे घडलं ते सगळं लिहिलं. आग पाडण्याची पद्धत बरोबर होती, कुणालाही धोका नव्हता, आणि कबूल केलेलं नाव आमच्या ऑफिसने त्यांना न सांगता बदललं होतं. रोहित सरांनी शेवटच्या परिच्छेदाला लाल रेघ मारली. म्हणाले, हा भाग इमोशनल आहे, काढ. माझा व्हिसा या कंपनीचा. मुलीची शाळा या व्हिसावर. मी ही कारणं देतेय कारण ती खरी आहेत, त्याने काही कमी होत नाही. मी परिच्छेद काढला. उरलेल्या रिपोर्टवरून कोणालाही वाटेल की एका म्हाताऱ्या माणसाचं डोकं फिरलं आणि त्याने भर गर्दीत आग बाहेर ओढली. सुरक्षेचा भंग, असं कारण देऊन रिसॉर्टने त्यांना काढलं. व्हिसा रद्द झाला.

कॉलिन पुढच्या वर्षी मायदेशी परत गेला, पण वीकएंड चालू आहे. इंजिनात आता आग नसते. मागच्या डब्यात डिझेलची मोटर लपवली आहे, ती ढकलते, चिमणीतून धुराचं यंत्र धूर सोडतं, आणि दर दहा मिनिटांनी स्पीकरवर शिट्टी वाजते. निवेदनात अजून अब्दुलच आहे. मी अजून त्याच कंपनीत आहे, फक्त तो क्लायंट मी घेत नाही. ही माझी लढाई, एवढीच.

चाचा मला एकदाच भेटले, परत जाण्याच्या दोन दिवस आधी. फोन ते उचलत नव्हते. त्यांच्या खोलीतल्या साताऱ्याच्या एका माणसाने सांगितलं की नातींसाठी कापड घ्यायला ते बर दुबईला, मीना बाजारात गेलेत. मी ऑफिसातून खोटं बोलून निघाले, मेट्रो पकडली, तासभर दुकानं धुंडाळली. शेवटी ते खाडीवर अबऱ्याच्या, म्हणजे होड्यांच्या धक्क्यावर दिसले, पलीकडे देऱ्याला जायला होडीची वाट बघत. हातात दोन पिशव्या.

मी समोर जाऊन उभी राहिले आणि पाठ करून आणलेलं सगळं विसरले. म्हटलं, चाचा, माझं चुकलं, मला माफ करा.

त्यांनी पिशव्या खाली ठेवल्या. मला वाटलं आता तरी काही समजुतीचं बोलतील. ते समजूत घालायचे नेहमी. पण त्या दिवशी त्यांच्या आवाजात निखाऱ्यांवर पाणी पडावं तसा फुत्कार होता.

“माझी माफी कसली मागतेस,” ते म्हणाले. “मी इथे उभा आहे. मला पाहिजे तेव्हा मी माझं नाव सांगू शकतो. ज्याचं नाव तू पुसलंस त्याला दोन वेळा बुडवलाय, एकदा त्यांनी आणि एकदा आपण. आता त्याची माफी कुठे जाऊन मागणार आहेस?”

त्यांनी ‘आपण’ म्हटलं होतं. त्यांनी स्वतःलाही त्यात धरलं होतं, कारण पडायला ते तयार झाले होते. ते मला तेव्हाच कळलं, आणि ते ऐकून मला रडू येण्याऐवजी पुन्हा संताप आला, की या सगळ्यांत ज्याला सगळ्यात कमी लाज वाटायला हवी होती, त्याला सगळ्यात जास्त वाटत होती.

होडी लागली. माणसं भराभर चढली, पाकिस्तानी, बंगाली, फिलिपिनो, कडेच्या फळीवर गुडघ्याला गुडघे लावून बसली. चाचांनी पिशव्या छातीशी धरल्या आणि चढले. मी त्यांच्या मागे धक्क्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेले, का ते माहीत नाही. होडी सुटली. दोन हात अंतर पडलं तेव्हा त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा राग तसाच होता.

“मागे हो,” ते ओरडले. “पायरीवर शेवाळ आहे, पडशील.”

मग त्यांनी तोंड फिरवलं आणि पलीकडे पोचेपर्यंत पाठमोरेच बसून राहिले.